गॅरेजच्या माळ्याची आणि राजकन्येच्या दोराची हकीकत

श्री. जे उंचावर आहे ते उंचावरच राहो आणि कोणाचे माथी न पडो, ऐसी त्या विघ्नहर्त्यास विनंती करून ही हकीकत लिहावयास घेतली. तरी बाळांनो, क्षणभर डोळे मिटावे आणि मनात आणावे, की शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, माघ मास, रथसप्तमीचा दिवस, सूर्यनारायण गच्चीवरील पाण्याच्या टाकीमागून वर आले आहेत आणि समोर एक राज्य आहे. राज्याचे नाव विचारू नये, कारण ऐसे राज्य तुमच्या गल्लीतही असेल आणि उगाच भांडण लागेल. राज्य म्हणजे एक बंगला, पुढे जास्वंद, मागे धुण्याचा दगड आणि बाजूस एक रथशाळा. रयत तिला गॅरेज म्हणते. आता रथशाळेत रथ उभा असेल ऐसे तुम्हांस वाटले असेल, तर तुम्ही अजून लहान आहात. रथ बाहेर उन्हात उभा होता आणि आत मोडका कूलर होता, चाके गेलेल्या बॅगा होत्या, घर बांधिले तेव्हा उरलेल्या फरश्या होत्या, दगड होऊन बसलेली सिमेंटची गोणी होती, आणि फ्रिज आला त्याचे खोके खोक्यातल्या थर्माकोलसह होते, न जाणो फ्रिज परत धाडावा लागला तर. तो फ्रिज भंगारात जाऊनही युग लोटले होते, परंतु खोके निष्ठावंत, ते जागचे हलले नाही. आणि या सर्व फौजेच्या मधोमध एका गादीएवढी मोकळी जागा होती, आणि तिच्यावर छताच्या कडीतून एक जाड सुती दोर लोंबत होता. तो दोर राजकन्येचा. त्याची गोष्ट पुढे येते, धीर धरावा.

राज्याचे धनी महाराज अनिरुद्धराव. हे कचेरीत मोठे पराक्रमी, हाताखालचे लोक थरथरा कापत, आणि घरी आले म्हणजे ज्याचा शब्द शेवटचा कानी पडे त्याच्याशी सहमत होत. त्यांच्या राणीसाहेब वैदेहीबाई. महाराजांच्या थोरल्या भगिनी आत्यासाहेब प्रमिलाबाई, ज्या पाहुण्या म्हणोन आल्या आणि राहिल्या, आणि ज्या महाराजांस भर दरबारात 'अन्या' म्हणत. राणीसाहेबांचे बंधू मामासाहेब धनंजयराव, राहणार दोन गल्ल्या पलीकडे, हे संगणकाच्या कचेरीत असोन जगातील सर्व प्रश्न रंगीत चौकोन काढून सोडवीत. आणि राजकन्या ऋजुता, इयत्ता चौथी.

ते दिवशी सकाळी शेजारच्या राज्यातील माडाने एक वाळकी झावळी सोडिली. झावळी ती काय, परंतु ती नेमकी रथाच्या काचेवर आली आणि काचेस या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा गेला. महाराज चहाचा कप हाती घेऊन बाहेर आले, तडा पाहिला, कप कठड्यावर ठेविला आणि गर्जना केली की बस्स, आजपासून रथ आत. आणि मग रथशाळेचे दार उघडून आत पाहिले आणि आवाज थोडा उतरला. मग मामासाहेबांस बोलावणे गेले. ते बोलावण्याआधीच निघाले होते, कारण सल्ला देण्याचा वास त्यांस दुरून येई.

मामासाहेब आले, कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि बोलिले, "दाजी, तुमची जमीन संपली म्हणून आकाश संपलं का? वर बघा. केवढी हवा नुसती पडून आहे!"

सर्वांनी वर पाहिले. हवा खरोखर पडून होती. इतकी वर्षे कोणाचे ध्यानी आले नव्हते. मग मामासाहेबांनी लॅपटॉप उघडिला आणि मसलत मांडिली, की छताखाली भिंतीपासून भिंतीपर्यंत लोखंडी माळा घालावा, जमिनीवरील सर्व सरंजाम त्यावर चढवावा, आणि खाली रथ विराजमान व्हावा. चित्र फार सुरेख होते. निळा चौकोन रथाचा, हिरवा चौकोन सामानाचा, आणि कोपऱ्यात एक हसरा मनुष्य, तो आनंदाचा. महाराज संतुष्ट जाहले आणि आज्ञा जाहली की माळा व्हावा, आणि हुसेनभाई वेल्डर यांस सांगावा गेला. हे हुसेनभाई भले गृहस्थ. कोणी काहीही विचारले तरी "होतंय की, साहेब, काय होत नाही?" ऐसे उत्तर देत, आणि आधी चहा घेत.

आता बाळांनो, माळ्यावर काय ठेवावे, याची रीत तुम्हांस मी सांगतो, कारण दरबारात ती कोणी सांगितली नाही. जड वस्तू खाली ठेवावी, हलकी वर. रोज लागते ती हाताशी, वर्षातून एकदा लागते ती उंचावर. आणि कधीच लागत नाही तीस नमस्कार करून निरोप द्यावा. एवढेच शास्त्र. हे पहिलीतल्या पोरासही कळते, म्हणोनच त्या दरबारास ते कळेना. त्या राज्यात वस्तूचे वजन किलोत मोजीत नसत, मानात मोजीत. वस्तू कोणाची, सासरची की माहेरची, थोरल्याची की धाकट्याची, यावरून तिची जागा ठरे, जैसी लग्नाच्या पंगतीत ठरते.

पहिल्या आत्यासाहेब पुढे जाहल्या. "अन्या, आपल्या आईचा बंब मधोमध राहील. दारातून आलेल्याला आधी बंब दिसला पाहिजे." हा बंब तांब्याचा, दोन माणसांनी उचलावा ऐसा. राणीसाहेब बोलिल्या, "वन्सं, बंब ठेवा की, मी कुठं नको म्हणते? पण माझ्या माहेरचा पाटा-वरवंटा काय मग कोपऱ्यात पडायचा? माझ्या आज्जीनं दिलाय तो." पाटा काळ्या दगडाचा. "पाटा जमिनीवरचाच असतो, वैदेही," आत्यासाहेब बोलिल्या, "तो छताला कशाला चढवायचा?" "म्हणजे बंब सासरचा म्हणून आकाशात आणि पाटा माहेरचा म्हणून मातीत. कळलं मला." आणि राणीसाहेबांनी पदर खोचला. मग महाराजांनी घाम पुसून निवाडा केला की बंबही मधोमध आणि पाटाही मधोमध. मग मामासाहेब हळूच बोलिले, "माझी ती पुस्तकांची आणि मॉनिटरची खोकीही इथंच आहेत, ताई. मुलीकडच्यांचं म्हणून तीही पुढंच घ्या." तेव्हा तीही पुढे घेतली. आणि राहता राहिले दिवाळीचे आकाशकंदील आणि गणपतीचे मखर, जे फुंकरीने उडावे ऐसे हलके, त्यांचा पक्ष घेणारे कोणी नव्हते, म्हणोन ती जमिनीवर, रथाच्या चाकाशेजारी ठरली.

इतका वेळ राजकन्या दोर धरून उभी होती. बाळांनो, दोराचा मल्लखांब म्हणजे काय हे तुम्हांस ठाऊक असेल. दोर पायाच्या अंगठ्यात धरावा, मांडीभोवती अढी घालावी आणि जमिनीवर जे साधत नाही ते अधांतरी करून दाखवावे. राजकन्या शाळेतून आली म्हणजे रोज येथे गादी पसरून चढे. फाल्गुनात जिल्ह्याचे सामने होते, शाळेतून तिची एकटीची निवड जाहली होती, आणि शाळेतला दोर मोठ्या मुली सोडीत नसत. तेव्हा तिने विचारिले, "आणि माझा दोर?"

"तुझा दोर ना," मामासाहेब मोठ्या प्रेमाने बोलिले, "तो छान गुंडाळून माळ्यावर ठेवू. एकदम सेफ."

"माळ्यावर ठेवला तर चढू कशी?"

"अगं, हे सामान एकदा वर गेलं की सगळ्यांचीच सोय आहे."

मग राजकन्येने थोडा वाद घालून पाहिला. "आत्या, बंब शेवटचा कधी पेटवला होता?" "तुझा बाप बादलीत बसून आंघोळ करायचा तेव्हा." "आणि आई, पाट्यावर वाटलंस कधी?" "वाटायचं नसतं सगळं, ऋजू. काही गोष्टी असाव्या लागतात." "मग मी रोज चढते ते—" "मोठ्यांच्यात बोलू नये," ऐसे तिघे एकदम बोलिले, आणि त्या दिवसातील त्यांचे एकमत जाहले ते एवढेच.

तेवढ्यात हुसेनभाई शिडी घेऊन आले, चहा जाहला, आणि माप घेताना अडचण निघाली, की माळा लांब, मध्ये आधार नाही, आणि ज्यास मान तो सगळा भार नेमका मध्ये. मामासाहेबांनी वर पाहिले आणि टाळी वाजविली. "ही कडी आहे की! स्लॅबमध्येच बसवलेली आहे. मधला भार हिच्यावर टांगू. पोरगी रोज लोंबकळते तिला, म्हणजे पक्की असणार. काय हुसेनभाई?"

"होतंय की, साहेब. काय होत नाही?"

येथे बाळांनो, घटकाभर थांबावे. कारण त्या कडीविषयी एक गोष्ट ऐसी होती, जी दरबारात एकट्या राजकन्येस ठाऊक होती. दिवाळीपासून कधी ती दोरावर गिरकी घेई तेव्हा कडी कुरकुरे आणि चुन्याची बारीक पूड तिच्या नाकावर पडे. पूड पुसून ती पुन्हा चढे. कोणास बोलली नाही, कारण बोलली तर दोर त्याच क्षणी खाली येईल हे तिने पुरते ओळखिले होते. आता न बोलावे तर त्याच कडीवर बंब, पाटा आणि खोकी चढणार. बोलावे तर माळा जाईल, परंतु दोरही जाईल, आणि फाल्गुनातला सामनाही जाईल. मामांची मसलत हाणून पाडावयास हाती अस्त्र होते, आणि ते उगारावे तर आपल्याच पायावर पडणार होते. तुम्ही काय केले असते ते मनात ठेवावे. मला सांगू नये, मीही तुम्हांस माझे सांगणार नाही.

राजकन्येने दोराचा शेपटा एकदा कुरवाळिला आणि ती बोलिली, "कडी पक्की नाहीये."

"हे बघा," मामासाहेब हसले, "दोर वाचवायला काय काय युक्त्या! अगं, मी हिशेब केलाय."

"कडी कुरकुरते, मामा. चुना पडतो."

"कुरकुरते! ऋजू, माळा तर आता होणारच."

तेव्हा महाराज, ज्यांस दोन्ही बाजू एकदम पटत असत, ते बोलिले की थांबा, मी पाहतो, आणि कचेरीच्या सदऱ्यानिशी पुढे जाहले, दोर दोन्ही हातांनी धरिला आणि पाय उचलिले. कडी कुरकुरली. साधी नाही, दार उघडताना कर्रकर्र व्हावे तैसी. आणि छताचा एक पोपडा सुटून महाराजांच्या खांद्यावर आला आणि त्याची शकले होऊन मामासाहेबांच्या लॅपटॉपवर, त्या हसऱ्या मनुष्यावर पडली. महाराजांनी पाय खाली टेकिले. महाराजांचे तोंड चुन्याने पांढरे जाहले होते, आणि चुन्याखालीही पांढरेच होते.

"कधीपासून असं होतंय?"

"दिवाळीपासून."

"आणि तू सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही दोर काढला असता."

"अर्थात काढला असता!"

"म्हणूनच."

"मग आज का सांगितलंस?"

राजकन्या जमिनीकडे पाहत बोलिली, "आत्या रोज इथंच बसते ना, भाजी निवडत. मी पडले तर गादीवर पडले असते. पण पाटा पडला असता तर आत्यावर."

महाराजांनी खांद्यावरचा चुना झटकिला. मग बोलिले की दोर आत्ताच्या आत्ता खाली, आणि पुन्हा याचे नाव काढावयाचे नाही. राजकन्येने हुज्जत घातली नाही. हुसेनभाईंनी शिडीवरून गाठ सोडिली, तिने दोर हातावर गुंडाळिला, आत्यासाहेबांच्या मांडीवर ठेविला आणि गादीच्या कडेला जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. रडली म्हणावे तर आवाज नव्हता.

मग हुसेनभाई, ज्यांस आतापर्यंत सर्वच होत होते, ते हातोडीचा दांडा छतास ठोकून पाहते जाहले आणि बोलिले की हे मात्र व्हायचं नाही साहेब, ही कडी पाळण्यासाठी ठेवलेली, आतून गंजली. टांगायचं तर भिंतीवरून भिंतीवर जाड गर्डर टाकावा लागेल. "पण एक ठरवा. गर्डरवर माळ्याच्या फळ्या टाकल्या तर मधे दोराला जागा नाही. आणि दोर लावायचा तर माळा नाही. काय टांगायचं?"

ऐसा पेच त्या राज्यावर कधी आला नव्हता, की छताखाली निर्जीव टांगावे की सजीव. आणि हे मोठे मोठे लोक क्षणभर खरोखर विचारात पडले, हे लिहिताना माझीही लेखणी अडखळते. महाराज बोलिले, "पोरीला तिथं पुन्हा चढू द्यायचं? माझा जीव नाही होत." मामासाहेब बोलिले की सोयीच्या दृष्टीने माळाच. राणीसाहेब लेकीच्या पाठीकडे पाहत राहिल्या.

तेव्हा आत्यासाहेब दोर मांडीवर घेऊन तैशाच बसून बोलिल्या, "अन्या, पोर स्वतःचा दोर सोडून माझं डोकं वाचवायला उभी राहिली, आणि तू तिला शिक्षा करतोस? माझा बंब बाहेर काढ. त्यात मनीप्लॅन्ट लाव, नाहीतर काहीही लाव. मेलं तांबं ते. आपल्या आईला विचारलं असतं तर तिनं बंब ठेवला असता की नात?"

बाळांनो, त्या राज्याची एक रीत ध्यानी घ्यावी, की तेथे मान घेण्याची जशी चढाओढ, तशी सोडण्याचीही. नणंदेने बंब सोडिल्यावर भावजय मागे कशी राहील? राणीसाहेब ताडकन उठल्या. "पाटा मी स्वयंपाकघराच्या दाराशी नेते. आणि उद्यापासून चटणी त्याच्यावरच वाटते, वन्सं, बघाच तुम्ही." आत्यासाहेब बोलिल्या, "बघते की. मिक्सर कुठं लपवू सांग." मग सर्वांची नजर मामासाहेबांकडे वळली. ते लॅपटॉप पुशीत होते. "माझी खोकी..." ते बोलिले आणि थांबले. "नेतो घरी. संध्याकाळी नेतो." राणीसाहेब बोलिल्या, "धनू, हे तू मागच्या वर्षी पण म्हणालास. आत्ता ने." आणि ते आत्ताच नेते जाहले, आणि दोन गल्ल्या चालत, छातीशी खोके धरून जाणारे मामासाहेब पाहून रयतेस वाटले की घर बदलले. मग फ्रिजच्या खोक्यास दरबाराने नमस्कार करून निरोप दिला, आणि सिमेंटच्या गोणीस निरोप देताना दोन मजूर लागले.

यापुढील वृत्त थोडक्यात. गर्डर पडला. चांगला जाड, दोन्ही टोके भिंतीत पुरून. मागील भिंतीस डोक्याच्या वर एक अरुंद फळी लागली आणि तिच्यावर आकाशकंदील आणि मखर बसले, म्हणजे जे हलके ते शेवटी वर गेले. फरश्यांविषयी आणि कूलरविषयी मतभेद राहिला, म्हणोन त्या आणि तो राहिले. रथ आत आला, परंतु नाकापासून अर्ध्यापर्यंत. मागील अर्धा बाहेर उन्हात राहिला. नवी काच तेवढी सावलीत गेली, आणि महाराज शेजाऱ्यांस सांगत की पाहा, शेवटी मी रथ आत घेतलाच. दिवसा रथ कचेरीस जाई तेव्हा गादी पसरावयास जागा होई. सारांश, एका राज्याने आकाश जिंकावयास मोहीम काढिली आणि शेवटी स्वतःची अर्धी जमीन सोडवून परत आले. ऐसी मोहीम यशस्वी म्हणतात. आणि हुसेनभाईंनी जाताना गर्डरवर हात थोपटून सांगितले की आता हत्ती टांगा.

आणि मग राजकन्येने काय केले? गर्डरास लाविलेल्या नव्या कड्यास दोर बांधून तयार जाहला, गादी पसरली, सर्व दरबार कौतुकाने गोळा जाहला, आत्यासाहेब भाजीची परडी घेऊन पार दारापाशी बसल्या. सर्वांस वाटले की आता ही धावत येऊन चढेल. परंतु ती हात मागे बांधून उभी राहिली आणि बोलिली, "आधी सगळ्यांत जड कोण ते पुढे या."

ज्या दरबारात पहिल्या जागेसाठी सकाळभर भांडण चालले होते, तेथे पहिला मान घ्यावयास कोणी पुढे येईना. महाराज राणीसाहेबांकडे पाहू लागले, राणीसाहेबांनी महाराजांकडे पाहिलेच नाही. शेवटी आत्यासाहेबांनी भाजीतून मान न काढता सांगितले, "धनंजय, जा बाबा. हिशेब तुझा होता." मामासाहेब चपला काढून पुढे जाहले, दोर धरिला, डोळे मिटिले आणि लोंबकळले. कडे गप्प राहिले. "बघितलंस? काही नाही झालं!" मामासाहेब डोळे मिटूनच बोलिले.

राजकन्या खाली वाकली, मामांच्या पायांकडे निरखून पाहिले आणि बोलिली, "मामा, पाय वर घ्या. टेकलेत." मामांनी पाय वर घेतले. गर्डर हालला नाही, चुना पडला नाही, कोठे काही कुरकुरले नाही. तिने त्यांना थोडा वेळ तैसेच राहू दिले, त्यांचे तोंड लाल होईतो. मग बोलिली, "उतरा," आणि हातांस माती चोळिली, दोर अंगठ्यात धरिला आणि वर गेली.